हे तुझे दादा

२०२५ च्या जूनमधली गोष्ट. तिसरा रविवार, म्हणजे तो फादर्स डे. (आमच्या लहानपणी असला काही दिवस नव्हता. आमच्या गावात बापाचा दिवस एकच, गणपती आले की त्या दिवशी दुपारी जेवून तो जो आडवा व्हायचा तो दुसऱ्या दिवशी उठायचा.) सकाळपासून मोबाईलवर बापांचा नुसता पूर आला होता. बाप म्हणजे फणस, बाप म्हणजे नारळ, बाप म्हणजे फाटकी चप्पल घालून पोराला बूट घेणारा. वाचून वाचून मलाही भरून आलं आणि आमच्या घरच्या ग्रुपवर मी दादांबद्दल आठ-दहा ओळी खरडल्या.

दादा म्हणजे आमचे वडील. त्यांनी तोंडाने प्रेम कधी बोलून दाखवलं नाही, पण रात्री दोन वाजता कारखान्यातून आल्यावर माझ्या अंगावरचं पांघरूण नीट करायचे, मी जागाच असायचो पण झोपेचं सोंग घ्यायचो. मी सातवीत असताना त्यांनी एका शब्दाने न बोलता माझ्या हातात ब्रश दिला. असं सगळं लिहिलं. शेवटी 'न बोलता प्रेम करणारी पिढी' वगैरे दोन वाक्यं टाकली. धडाधड अंगठे आले, हात जोडलेले आले, मामीने रडणारा चेहरा टाकला. आणि तासाभराने ताईचा एक मेसेज आला.

'हे तुझे दादा.'

बस, एवढंच. मी लगेच फोन लावला. तर ती अजिबात चिडलेली नव्हती. म्हणाली, "अरे, छान लिहिलंयस. खोटं काही नाही त्यात. पण माझं पांघरूण कोण नीट करायचं ते मला आठवत नाही. बहुतेक मीच."

मला पटकन काही बोलायला सुचलं नाही. मग पावसावर बोललो आणि फोन ठेवला.

पुढे जाण्याआधी दोन गोष्टी सांगून टाकतो. हे सगळं ताईला वाचून दाखवून, तिची परवानगी घेऊन लिहितोय. दादांना वाचून दाखवायचा धीर अजून झालेला नाही. तेव्हा इथे नेहमी येणाऱ्या आत्या, काका आणि समस्त भावंडांना नम्र विनंती, की जोह्याला फोन करून 'दादा, काय लिहिलंय बघा' असं करू नका :)

ज्यांना जोहे माहीत नाही त्यांच्यासाठी. पेण तालुक्यात, हमरापूर स्टेशनच्या परिसरात आमचं गाव. पेण शहरात देवधरांसारख्या घराण्यांनी नावारूपाला आणलेला गणपतीचा धंदा हळूहळू आजूबाजूला पसरला, आणि हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या पट्ट्यात घरांमागे, अंगणात, भातशेतीच्या कडेला कारखाने उभे राहिले. कारखाना म्हटल्यावर धुराडं डोळ्यांसमोर आणू नका. पत्र्याची शेड, बाजूला ताडपत्री आणि आत उभं राहायला जागा नाही इतके गणपती. काही इथेच रंगवून जातात, काही कच्चेच जातात आणि दुसरीकडे रंगतात. मुंबई-पुण्यात, आणि पार परदेशातसुद्धा, ज्या घरात पेणचा गणपती म्हणून पाट मांडला जातो, तो पेणजवळच्या असल्याच एखाद्या शेडमधून गेलेला असण्याची बरीच शक्यता आहे.

या धंद्याचं वेळापत्रक देवाने ठरवलेलं आहे, ते पुढे ढकलता येत नाही. साचे भरणं, जोडकाम, घासकाम हे वर्षातले कितीतरी महिने चालूच असतं, पण अक्षय्य तृतीया गेली की गावाचा चेहरा बदलतो. आषाढ-श्रावणात तर रात्र-दिवस कळत नाही. बाहेर मुसळधार पाऊस, आत रंग वाळत नाही, मग दिवे लावा, पंखे लावा, वीज गेली की कपाळाला हात. शाळा जूनमध्ये सुरू होणार. म्हणजे पोराला नवीन वर्ग, नवीन बाई, नवीन भांडणं, आणि घरी सांगायला जावं तर आई-बाप दोघंही कारखान्यात. आमच्या गावातल्या पोरांचं बालपण या वेळापत्रकाच्या फटींत गेलेलं आहे. तेव्हा आई-बापाने मुलांवर प्रेम कसं दाखवावं हा प्रश्न जोह्यात फार मोजका होऊन येतो. वेळ नाहीच आहे. हात रंगाने भरलेले आहेत. आता दाखवा.

दादा आखणी करायचे. म्हणजे गणपतीचे डोळे. आधी दुसऱ्यांच्या कारखान्यात, मग आमच्याच घरामागे शेड घातली तेव्हा तिथे. ज्यांनी हे काम जवळून पाहिलेलं नाही त्यांना सांगतो, बाकी सगळं बिघडलं तर सावरता येतं, पण डोळा बिघडला की मूर्ती बघवत नाही. भुवईची एक ओढ, पापणीची एक, बुबुळ, आणि मग त्यातला तो पांढरा ठिपका. ओढ घेताना दादा श्वास धरायचे. त्या वेळी शेडमध्ये कोणी बोलायचं नाही असा नियम नव्हता, पण कोणी बोलायचं नाही. त्यामुळे आम्ही पोरं शाळेतून आलो की त्यांच्या पाठीमागे उभे राहायचो आणि ते ब्रश उचलायची वाट बघायचो. ब्रश उचलला की मान वळायची. "जेवलास का?" एवढं विचारून मान परत पुढे.

हे 'जेवलास का' मी ग्रुपवरच्या त्या लेखात घातलं होतंच. त्यात सगळं प्रेम होतं वगैरे. आणि होतंही हो! मला ते कळायचं. माझा मुद्दा असा, की ते कळायला मला मदत झाली होती.

कशी ते सांगतो. मला ब्रश मिळाला सातवीत. नाक मोडलेली एक टाकाऊ मूर्ती दादांनी माझ्यासमोर ठेवली आणि मागे उभे राहून माझ्या मनगटाला एक बोट लावलं. ताई तेव्हा अकरावीत. तिच्या हातात पॉलिश पेपर होता. चौथीपासून होता. आमच्याकडे बायका-मुलींनी घासकाम करायचं, पुरुषांनी आखणी, अशी विभागणी बहुतेक ठिकाणी होती. (आता बदलली आहे, बऱ्याच बायका उत्तम आखणी करतात, काही तर स्वतःचे कारखाने चालवतात.) ताईची चित्रकला माझ्यापेक्षा कितीतरी चांगली होती. मी काढलेला डोळा म्हणजे गणपती परीक्षेत नापास झाल्यासारखा दिसायचा. पण मनगटाला बोट मला लागलं. तिच्या नखांत पांढरी पूड आणि बोटांची टोकं सोललेली. पाटावर जिताड्याची मधली तुकडी मला आणि शेपटीकडची तिला. आईने हे कधी ठरवून केलं नसेल. पेणकडच्या माणसाला जिताड्याची मधली तुकडी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. इतरांनी एवढं समजा, की ती ज्याच्या ताटात पडते त्याला घरात आपलं स्थान काय ते न सांगता कळतं. ज्याच्या ताटात पडत नाही त्यालाही कळतं.

तर 'न बोलता प्रेम' हे असं आहे. ज्याच्यापर्यंत पोहोचलं तो मोठा होऊन त्यावर लेख लिहितो. ज्याच्यापर्यंत पोहोचलं नाही तो गप्प बसतो, कारण तक्रार काय करणार? मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, शिकवलं, लग्न करून दिलं. दादांच्या मनात ताईबद्दल माया कमी होती असं मला आजही वाटत नाही. ती कॉलेजला पेणला जायला लागली तेव्हा बसचे पैसे रोज सकाळी मोजून देवाजवळ ठेवलेले असायचे, मी ते पाहिलंय. पण देवाजवळ ठेवलेले. हातात नाही. तिने ते उचलायचे आणि आपले आपण समजून घ्यायचं.

आता कोणीतरी म्हणेल की आपली परंपराच आहे ती, आपल्याकडे असं बोलून दाखवत नाहीत, हे 'आय लव्ह यू' वगैरे सिनेमातलं आहे. मीही हेच म्हणायचो. आणि पुरावा म्हणून 'श्यामची आई' काढायचो. ताईच्या त्या फोननंतर मी पुस्तक परत काढून वाचलं. साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यातला बहुतेक भाग लिहून काढला, तिशीतल्या माणसाने, आई जाऊन वर्षं लोटल्यावर. आणि वाचताना मला चक्क धक्का बसला. कारण ती आई गप्प नाहीच मुळी! ती सारखी बोलते. आंघोळ झाल्यावर ओल्या पायांना माती लागेल म्हणून श्याम हट्ट करतो, तर ती आपला पदर पसरते हे सगळ्यांना आठवतं. पण पदर पसरून ती थांबत नाही, मन स्वच्छ ठेवण्याबद्दल त्याच्याशी बोलते. पोहायला जात नाही म्हणून मारते, आणि नंतर त्याच्या वळांना तेल लावते, समजावते, का मारलं ते सांगते. घरात पैसा नाही, कर्ज डोक्यावर, अंगात ताप, आणि तरी पोराला दोन वाक्यं सांगायला ती थांबते. आपण मात्र पदर लक्षात ठेवला आणि वाक्यं विसरलो. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्यावर काढलेला सिनेमा पाहून आमच्या आज्या ढसाढसा रडल्या असतील, पण घरी येऊन पोरांशी तसं कोणी बोललं असेल असं वाटत नाही.

दुसऱ्या टोकाला आजकालची पालकत्वाची पुस्तकं. गॅरी चॅपमन नावाच्या अमेरिकन लेखकाने १९९२ मध्ये प्रेमाच्या पाच भाषा सांगितल्या: शब्द, वेळ, भेटवस्तू, सेवा आणि स्पर्श. पुढे मुलांसाठीही तसंच एक पुस्तक आलं. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या आयांना हे पाठ आहे. मला एवढ्या नीटनेटक्या याद्यांचा जरा संशयच येतो, पण त्यातलं एक म्हणणं मला मान्य करावं लागलं, की देणाऱ्याची भाषा एक आणि घेणाऱ्याची दुसरी असू शकते. जोह्याला पाचातली एकच भाषा चालू होती, सेवेची. मरमर काम. बाकीच्या चार गणपती गेल्यावर बघू. आणि गणपती गेले की भात कापणी.

तुम्हाला वाटेल मी दादांवर खटला भरतोय. तसं नाही. दादांना त्यांच्या वडिलांनी शाळेतून काढून शेतावर घातलं आणि त्याबद्दल एक शब्द कधी बोलले नाहीत. जो माणूस स्वतः असा वाढला त्याने रात्री दोनला येऊन एका पोराचं पांघरूण नीट करावं हीच मोठी मजल आहे. सीझनला उचललेले पैसे सीझन संपताना फेडायचे, एखाद्या वर्षी ताडपत्रीतून पाणी आत आलं की मूर्तींबरोबर वर्षाचा हिशोबच भिजायचा. २०२५ च्या जूनमध्येही, मी तो लेख टाकला त्याच्या आठवडाभर आधीपर्यंत, दादा आणि गावातले सगळे पीओपीबंदीच्या कोर्टाच्या निकालाकडे डोळे लावून बसले होते. ९ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती बनवायला मोकळीक दिली तेव्हा कुठे लोकांच्या घशाखाली घास उतरला. अशा माणसाला 'तुम्ही मुलांशी संवाद साधता का' असं विचारणारा मी कोण?

खटला भरायचाच तर माझ्यावर भरावा लागेल, कारण माझ्याकडे सबब नाही. माझी डोंबिवलीत एसी ऑफिसातली नोकरी, शनिवार-रविवार सुट्टी. आणि तरी माझा मुलगा, चिरंजीव इयत्ता पाचवी, मागे एकदा काही सांगत असताना मी मोबाईलमध्ये डोकं घालून 'हं, हं' करत होतो. त्यावर त्याला काहीतरी बोललोही, की हे सगळं मी तुझ्यासाठीच करतो ना. ताईच्या फोननंतर एकदा रात्री त्याला विचारलं. जरा लाजतच विचारलं.

"मला तू आवडतोस हे तुला कशावरून कळतं रे?"

मला वाटलं सायकल म्हणेल. नाहीतर गेल्या वर्षीची केरळची ट्रिप. त्याने बराच विचार केला.

"मी झोपलो की तू पंखा एकने कमी करतोस."

हे मी करतो हे मलाच माहीत नव्हतं! विजेचं बिल हे त्यामागचं कारण असण्याची शक्यता मी त्याला सांगितली नाही. मग त्याने आपणहून पुढे जोडलं, "आणि मी सांगत असताना तू हं म्हणतोस ना, ते खोटं असतं, ते पण कळतं."

सायकलचा, ट्रिपचा, शाळेच्या फीचा उल्लेख नाही. फी तर मी दर तीन महिन्यांनी छातीवर दगड ठेवून भरतो.

तेव्हापासून मी एक-दोन साध्या गोष्टी करायला लागलोय. फार मोठं काही नाही. घरी आलो की बूट काढायच्या आधी त्याच्याकडे बघतो. 'अभ्यास झाला का' हा पहिला प्रश्न बंद केला, कारण त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' यापुढे जात नाही. त्याऐवजी 'आज डबा कोणाबरोबर खाल्लास' विचारतो आणि उत्तर संपेपर्यंत थांबतो. हे थांबणं फार अवघड आहे हो, पाचवीतल्या मुलाचं उत्तर कुठून कुठे जाईल सांगता येत नाही, काल ते डब्यावरून निघून डायनोसॉरवर गेलं. आणि चूक झाली की 'माझं चुकलं' म्हणतो. हे तिसरं मला सगळ्यात जड जातं. आमच्या सात पिढ्यांत बापाने पोराला हे म्हटल्याचं ऐकिवात नाही. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तो इतका गोंधळला, की 'बरं नाही का तुला?' म्हणाला.

आणि तोंडाने सांगतोही. पंख्याचं बटण फिरवताना, तो अर्धवट जागा असेल तर सांगतो. पंखा त्याला कळला हे माझं नशीब. त्याच्या जागी दुसरं मूल असतं तर त्याला नुसतं उकडलं असतं.

आता जोह्याचं राहिलं. त्या वर्षी गणपती २७ ऑगस्टला होते. आधीच्या रविवारी मी दिव्याहून गाडी पकडून हमरापूरला उतरलो. ताई आदल्या दिवशीच आली होती, लेकीला घेऊन. भाची नववीत. शेडमध्ये नेहमीची धांदल, टेम्पो दारात, कोणीतरी गवत आणा, दोरी आणा म्हणून ओरडतंय. दादा बहात्तर वर्षांचे, चष्मा नाकावर, अजून आखणीला बसतात. हात आता पूर्वीसारखा स्थिर नाही, त्यामुळे मोठ्या मूर्ती दुसरे करतात आणि दादा घरगुती, लहान मूर्ती करतात. (लहान जास्त अवघड असतात. पण हे त्यांना कोण सांगणार.)

भाची त्यांच्या पाठीमागे उभी होती. आम्ही उभे राहायचो तिथेच. दादांनी ओढ पुरी केली, ब्रश उचलला, मान वळवली. मला वाटलं आता 'जेवलीस का'. तर त्यांनी बाजूची एक मूर्ती तिच्यापुढे सरकवली, टाकाऊ नव्हे, विक्रीची, आणि ब्रश तिच्या हातात दिला. मनगटाला बोट लावलं.

ताई दारात सुपात काहीतरी निवडत बसली होती. तिने पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. आमच्या घरातल्या रिवाजाप्रमाणे आता सगळ्यांनी गप्प बसायचं होतं. ताईने सूप खाली ठेवलं.

"दादा, मला का नाही दिलात कधी?"

आवाज साधाच होता. टेम्पोवाल्याने ऐकलं नसेल. दादांना प्रश्न कळायला वेळ लागला. मग म्हणाले, "तू मागितला नाहीस."

"यानेही नव्हता मागितला," ताई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

दादा गप्प. भाची ब्रश धरून तशीच, तिला कळेना डोळा काढायचा की थांबायचं. दादांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, परत घातला. म्हणाले, "तेव्हा कळलं नाही गं." आणि लगेच, जणू त्याच वाक्याचा पुढचा भाग असल्यासारखं, "तुझ्या आईला सांग, आज जिताडं आणलंय, तुकडी तुला मधली."

आम्हाला तिघांनाही हसू आलं. ताईचं हसणं जरा ओलं होतं. आईला आतून ऐकू गेलं असावं, कारण जेवायला बसल्यावर मला शेपटीकडची तुकडी आली, आणि काटे काढता काढता माझी पुरेवाट झाली.

मी हे 'सगळं छान झालं' म्हणून सांगत नाहीये. ताईला विचारलं, की बरं वाटलं का? ती म्हणाली, "वाटलं. पण अकरावीतल्या मला नाही वाटलं, तिला कोणी सांगितलेलंच नाहीये अजून." यावर मी काय बोलणार.

एक बदल मात्र झालाय. दादांनी स्वतःहून कधी कोणाला फोन केल्याचं आम्हाला माहीत नाही. फोन आई लावायची आणि शेवटी 'दादा बसलेत इथे, बरे आहेत' एवढं सांगून ठेवायची. गणपतीनंतर दादा दर गुरुवारी संध्याकाळी ताईला स्वतः फोन करतात. का गुरुवार, ते माहीत नाही. बोलायला काही सुचत नाही त्यांना. तुमच्याकडे पाणी आलं का विचारतात. पाऊस आहे का विचारतात. भाचीची आखणीची वही पाठवा म्हणतात. मध्येच बराच वेळ कोणीच बोलत नाही, पण ते फोन ठेवत नाहीत, ताईही ठेवत नाही.

गेल्या गुरुवारी मी ताईकडेच होतो. सव्वासात झाले, फोन वाजला. ती पोळ्या करत होती, हात पिठाचे. मी म्हटलं, मी घेऊ का?

"नको," ती म्हणाली, "माझा आहे," आणि हात धुवायला गेली.